अंगठ्याची साक्ष

जून उजाडून शाळा उघडायची वेळ झाली की चाकूरच्या सायकल दुकानांपुढे उन्हाळाभर कोपऱ्यात पडलेल्या सायकलींची रांग लागते. कुणाच्या ब्रेकचं रबर गेलेलं असतं, कुणाची चेन गंजलेली, आणि सगळ्यांत शेवटी येते हवा. "मामा, लई जड चालू लालीय, टाइट हवा मारा," असं पोरगं म्हणतं. मामा नळी लावतात, टायर टम्म फुगवतात आणि अंगठ्यानं दाबून बघतात. अंगठा आत गेला नाही म्हणजे काम झालं. मग पोरगं दाबून बघतं, बरोबर आलेला बापही दाबून बघतो. तीन अंगठ्यांची साक्ष पडली की पुढं अपील नाही.

ही साक्ष ग्राह्य धरू नये, असं माझं म्हणणं आहे. साक्षीदार प्रामाणिक आहेत; पण त्यांना जे ठाऊक नाही तेच आपण त्यांना विचारतो आहोत.

आपल्याकडे खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा, अशी रीत आहे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही. तेव्हा आधी मामांची बाजू. टायर जितका बारीक तितका तो रस्त्याला कमी टेकतो. कमी टेकतो म्हणजे कमी घासतो. कमी घासतो म्हणजे हलका पळतो. कडक हवेनंही तेच होतं. हवा गेलेली सायकल ओढताना जीव मेटाकुटीला येतो, हा तर शेंबड्या पोराचाही अनुभव. शर्यतीच्या सायकलींचे टायर बोटाएवढे बारीक असतात. ती माणसं काय वेडी आहेत? आणि शेवटचा पुरावा शहाण्यासुरत्यांचा : प्रयोगशाळेत पोलादी रुळावर चाक फिरवून मोजलं तर हवा वाढवावी तसा विरोध कमी होत जातो. पुन्हा कमी हवेनं ट्यूब रिमखाली चिमटून फाटते, तो खर्च वेगळा.

यातला एकही मुद्दा निव्वळ खोटा नाही. म्हणूनच हे मत इतकी वर्षं टिकलं.

सुरुवात घासण्यापासून करू, कारण गोंधळाचं मूळ तिथं आहे. चाक रस्त्यावर घासत नाही, लोळतं. ब्रेक मारून चाक घसरवलं तर ते घासतं. एरवी टायरचा जो तुकडा रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी जागच्या जागी असतो. मग उचलला जातो आणि त्याची जागा पुढचा तुकडा घेतो. या टेकण्या-उचलण्यात टायर चेपतो आणि पुन्हा गोल होतो. चेपायला लागलेली ताकद सुटताना पूर्ण परत मिळाली असती तर काहीच बिघडलं नसतं. पण रबर आणि त्याच्या आतलं नायलॉनचं कापड सगळी ताकद परत करत नाही; काही भाग उष्णता होऊन जातो. ज्वारीचं पीठ मळताना हात भरून येतात, कारण दाबलेलं पीठ उलटून आपल्याला ढकलत नाही. चेंडू दाबला तर ढकलतो. टायर या दोहोंच्या मधला आहे, आणि तो पिठाकडे किती झुकतो यावर सायकलीचं जडपण ठरतं. तेव्हा टायर किती टेकतो हा खरा प्रश्नच नव्हे. तो किती वाकतो आणि कशाचा बनलाय, हे विचारायला हवं.

आता टेकण्याचाही हिशेब करू. सायकल २० किलो, माणूस ६० किलो, एकूण ८०. त्यातलं साधारण ४८ किलो वजन मागच्या चाकावर येतं. टायरमध्ये ४५ पौंड हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वातीन किलोच्या आत-बाहेर दाब, तर हे ४८ किलो तोलायला सुमारे १५ चौरस सेंटिमीटर जागा टेकावी लागते. हवा ७५ पौंड केली तर ९ चौरस सेंटिमीटर पुरतात. या हिशेबात रुंदी कुठंच आली नाही. वजनाला दाबानं भागलं की टेकण्याची जागा मिळते (टायरच्या भिंतीचा ताठरपणा थोडाफार फरक करतो, तो सोडून देऊ). बारीक आणि रुंद टायरांत सारखीच हवा असेल तर दोघेही सारखेच टेकतात. बदलतो तो फक्त आकार : बारीक टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि पसरट. लांबट ठशासाठी टायरला जास्त खोल चेपावं लागतं. म्हणजे सारख्या हवेला रुंद टायरच कमी वाकतो आणि तोच हलका चालतो. "बारीक म्हणजे हलका" हे सूत्र पहिल्याच पायरीला घसरलं.

यावर सजग पूर्वपक्षी म्हणेल, "पण रुंद टायरात तेवढी हवा भरतं कोण?" प्रश्न रास्त आहे, आणि अंगठा नेमका इथंच फसतो. टायरच्या कापडावर येणारा ताण म्हणजे आतला दाब गुणिले टायरची त्रिज्या. २५ मिलीमीटरच्या टायरात १०० पौंड हवा भरा आणि ५० मिलीमीटरच्या टायरात ५० पौंड. दोघांच्या कापडावरचा ताण अगदी सारखा. अंगठ्याला जे जाणवतं तो बऱ्याच अंशी हा ताण असतो, दाब नव्हे. त्यामुळे रुंद टायर निम्म्या हवेतच दगडासारखा लागतो, आणि "अजून थोडी मारा" म्हणत तो शर्यतीच्या टायरइतका फुगवला तर कापडावर आणि रिमच्या कडांवर दुप्पट ताण येतो. पोरांच्या रेंजर सायकलींचे टायर भर दुपारी झाडाखाली उभ्या उभ्या फुटतात, त्यातल्या काहींचं मूळ या 'अजून थोडी'त असणार. टायरच्या बाजूवर पौंडांचा आकडा उठवलेला असतो. तो सहसा कमाल आकडा असतो. आपल्याकडे तो डॉक्टरनं लिहून दिलेल्या मात्रेसारखा वाचला जातो.

आता पूर्वपक्षाचा सगळ्यांत मजबूत पुरावा घेऊ : पोलादी रुळावरचं मोजमाप. ते मोजमाप खरं आहे. पण त्यावरून काढलेलं अनुमान चुकतं आणि ते कसं चुकतं हे सांगायला आपल्या नैयायिकांकडे तयार शब्द आहे : उपाधी. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त त्याचं उदाहरण येतं. जिथं धूर तिथं अग्नी, हे ठीक. पण उलटून 'जिथं अग्नी तिथं धूर' म्हणालात तर फसाल, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी आगीबरोबर ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, विधानात लपून बसलेली अट. ज्यानं आयुष्यभर ओल्या सरपणाचीच चूल पाहिली त्याला ही अट कधी दिसणारच नाही.

'जिथं कडक टायर तिथं वेग' या विधानातलं ओलं सरपण म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग. पोलादी रूळ गुळगुळीत असतो. सायकल शर्यतींचा लाकडी वेलोड्रोम गुळगुळीत असतो, म्हणून तिथले स्पर्धक आजही बारीक आणि टणक टायर वापरतात आणि ते बरोबरच करतात. शिवाय रुळावर नुसतं चाक फिरतं, वर माणूस बसलेला नसतो. आपल्या प्रश्नातला निम्मा विषय त्या प्रयोगाच्या बाहेरच राहिला.

माणूस बसला की काय होतं? कडक टायर खडीच्या टोकावर आपटला की तो स्वतः चेपत नाही. तो चाकाला, चाक दांडीला, दांडी सीटला आणि सीट माणसाला वर उडवते. समजा दर मीटरला ५ मिलीमीटरचा एक उंचवटा आहे आणि मागच्या चाकावरचे ४८ किलो प्रत्येक वेळी तेवढे उचलले जातात. प्रत्येक खेपेला जवळजवळ अडीच ज्यूल खर्च झाले. ताशी १५ किलोमीटरच्या चालीत सेकंदाला असे चार उंचवटे येतात, म्हणजे १० वॅट. त्यातले काही उतरताना परत मिळतात हे मान्य. पण बाकीचे जातात कुठं? ते आपल्या मनगटांत, मांड्यांत, पोटाच्या स्नायूंत आणि कंबरेत जिरतात. आपलं शरीर हे मळलेल्या पिठासारखंच आहे, दिलेली थरथर परत करत नाही.

ही कविकल्पना नव्हे. १९६० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या वाहन-संशोधनात प्रॅडको आणि ली यांनी माणसाच्या शरीरात थरथरीची किती शक्ती मुरते हे मोजलं आणि ती शक्ती व त्रास यांचा सरळ संबंध दाखवला. पुढं लष्करी गाड्यांसाठी ६ वॅटचा दंडक रूढ झाला : खडबडीत जमिनीवर चालकाच्या अंगात ६ वॅट मुरू लागले की तिथंच त्या गाडीचा वेग संपला, इंजिनात कितीही दम उरलेला असो. या दंडकात सुख आणि वेग ही दोन वेगळी माणसं राहतच नाहीत. आपण मात्र "आरामाची हवा" आणि "पळायची हवा" असं बोलतो, जणू एक घेतलं की दुसरं सोडावंच लागतं. रणगाड्याच्या चालकाचा त्रास इंजिन सोसत नाही. सायकलवर मात्र इंजिन आणि प्रवासी एकच.

सायकलीच्या बाबतीत हेच काम सिएटलच्या यान हायने यांनी 'बायसिकल क्वार्टर्ली' या आपल्या मासिकातून चिकाटीनं केलं. त्यांनी रुळावरचा प्रयोग रस्त्यावर आणला, वर माणूस बसवला, शक्ती मोजणारं यंत्र लावलं आणि महामार्गाच्या कडेला झोपलेल्या चालकांना जागं करण्यासाठी ज्या खाचा असतात त्यांवरून सायकल चालवली. शेजारच्या सपाट डांबरावर तोच वेग ठेवायला जेवढी ताकद लागत होती तिच्या कितीतरी पट या खाचांवर लागली, आणि सगळी वाढ थरथरीत गेली. झिप आणि पुढं सिल्का या कंपन्यांत काम केलेल्या जॉश पोर्टनर यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. हवा वाढवत नेली तर काही अंतर विरोध कमी होत जातो, मग एका टप्प्यावर तो एकदम वाढू लागतो. तो टप्पा रस्ता जितका खडबडीत तितका लवकर येतो. आणि चूक करायचीच असेल तर कमी हवेच्या बाजूनं करावी, कारण टप्प्याच्या अलीकडे नुकसान थोडं, पलीकडे फार.

"शर्यतवाले वेडे का?" हा प्रश्न राहिला. वेडे नव्हते, तीसेक वर्षं गैरसमजात होते एवढंच. विसाव्या शतकाच्या अखेरीस १८ ते २३ मिलीमीटरचे टायर आणि शंभरावर पौंड हवा हा शर्यतीतला धर्म होता. आज टूर द फ्रान्समध्ये २८ ते ३० मिलीमीटरचे टायर सर्रास दिसतात, आणि पॅरिस–रुबे शर्यतीच्या दगडी फरसबंदीवर त्याहून रुंद. मामांनी पाहिलेलं शर्यतीचं चित्र खरं आहे, पण जुनं आहे.

गंमत अशी की हा वाद आधी एकदा होऊन गेला होता आणि निकालही लागला होता. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसननं १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. लोक ते विसरले. मग १८८७ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानं मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध नव्यानं लावला. त्यानं केलेली पहिली परीक्षा मला फार आवडते. एक भरीव रबराचं चाक आणि एक हवेचं, दोन्ही त्यानं आवारात ढकलून दिली. भरीव चाक मध्येच आडवं झालं. हवेचं शेवटच्या फाटकाला जाऊन धडकलं. १८ मे १८८९ ला विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे फुगीर टायर लावून बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानात उतरला तेव्हा बघे हसले. ह्यूमनं त्या दिवशीच्या चारही सायकल शर्यती जिंकल्या. दोनच वर्षांनी शार्ल तेरोंनं मिशलांच्या हवेच्या टायरांवर पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, सुमारे १२०० किलोमीटर, तीन दिवसांच्या आत कापले. मऊ चाक कडक चाकाला हरवतं, हे जगानं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मग त्याच मऊ चाकात इतकी हवा कोंबायला सुरुवात केली की ते पुन्हा भरीव झालं.

आता चाकूरचे रस्ते. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं आपण दुसऱ्याला हिणवतो. इथं मात्र अंगण खरोखरच वाकडं आहे. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला. औसा–चाकूर आणि चाकूर–लोहा हे त्या कामाचे दोन टप्पे आपल्याच गावाशी येऊन मिळाले. त्या रस्त्यापुरता मी पूर्वपक्षाशी अर्धा सहमत आहे. पण त्या रस्त्यावर सायकलवाला किती वेळ असतो? ट्रकच्या धाकानं तो साइडपट्टीवर उतरतो, आणि तिथं मुरूम असतो. वडवळ नागनाथकडे, नळेगावकडे किंवा लातूर रोड स्टेशनकडे जाताना मुख्य रस्ता सोडला की बारीक खडीचा थर, मधूनच उखडलेलं डांबर, आणि शेवटचा किलोमीटर पाणंदीचा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता दोन-तीन वर्षांत लाटा धरतो. आमच्याकडे गुळगुळीत पृष्ठभाग हा अपवाद आहे, आणि कडक हवेचं सूत्र त्या अपवादावर उभं आहे.

वेगाचा हिशेबही आमचा वेगळा. शर्यतवाला ताशी ४० किलोमीटरनं जातो तेव्हा त्याची बहुतेक ताकद, ढोबळ हिशेबानं दहातले आठ-नऊ हिस्से, वारा कापण्यात जाते. टायरचा विरोध किरकोळ उरतो. शाळेला निघालेली मुलगी ताशी १५ किलोमीटरनं जाते. तिच्यासाठी वारा २५ वॅटच्या आसपास आणि टायरही तितकाच, म्हणजे निम्मा खर्च टायरचा. तिला टायरचा विचार शर्यतवाल्यापेक्षा अधिक करायला हवा आणि तोही निराळा. मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातल्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या. सायकल देताना हवा किती भरायची हेही कुणी सांगायला हवं होतं. दोन ओळींचं काम होतं.

रुंद टायरवर आणखी एक बालंट आहे. रेंजर सायकल जड चालते हे सगळ्या पोरांना माहीत, आणि दोष जातो टायरच्या रुंदीला. तो टायर नीट बघा. त्यावर अंगठ्याएवढ्या रबराच्या गुट्ट्या असतात. डांबरावर प्रत्येक गुट्टी वाकते, चिरडते, उष्णता करते. आतलं कापड जाड आणि ताठ, म्हणजे पिठाच्या जातीचं. पुढं स्प्रिंगचा स्वस्त फोर्क, जो प्रत्येक पायडलला खालीवर होत पोराची ताकद खातो. सीट इतकी खाली की गुडघे हँडलला लागावेत. चौघांनी मिळून गुन्हा केला आणि पकडला गेला पाचवा. त्याच रिमवर गुट्ट्या नसलेला, पातळ कापडाचा तेवढाच रुंद टायर चढवला तर सायकल ओळखू येणार नाही. (चार इंची फुगीर टायरची जी नवी फॅशन आली आहे तिची वकिली मी करत नाही. रुंदी बरी म्हणून कितीही रुंदी बरी, हा आणखी एक हेत्वाभास.)

खरं तर आमच्या शेतकऱ्याला हे सगळं ठाऊक आहे, फक्त सायकलपाशी येऊन तो ते विसरतो. लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवलेली बैलगाडी आणि टायरगाडी यांत फरक काय, हे ऊसतोडीच्या कुठल्याही टोळीला विचारा. धाव अरुंद आणि पोलादासारखी टणक. पूर्वपक्षाच्या सूत्राप्रमाणे तीच हलकी पळायला हवी. ती ढेकळात रुतते आणि डांबरावर बैलांच्या खांद्यापर्यंत हादरे पोचवते. टायरगाडीवर त्याच बैलजोडीनं टनांनी मोजावा इतका ऊस कारखान्याला नेला. ट्रॅक्टरवाला मागच्या टायरात शेतात किती हवा ठेवतो? बारा-पंधरा पौंड. तिथं कुणी अंगठा लावून "टाइट मारा" म्हणत नाही.

आमची काळी डबलबार सायकल तर या वादात मुळातच बरोबर बाजूला होती. तिच्या टायरवर २८ गुणिले दीड असं लिहिलेलं असतं, नव्या मापात ४०-६३५ : रुंदी ४० मिलीमीटर आणि रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास ६३५. हल्ली ज्या मापाला जग "सर्व रस्त्यांसाठी उत्तम" म्हणून नव्यानं पोचलंय, जवळपास ते माप आजोबांच्या सायकलला होतं. मोडीत काढताना आपण तिला 'जुनाट' म्हणालो.

मग हवा किती? फ्रँक बर्टो या अमेरिकी अभियंत्यानं टायर वजनाखाली किती चेपतो हे मोजून तक्ते केले, आणि त्यांवरून एक ढोबळ नियम रूढ झाला : माणूस बसल्यावर टायरची उंची १५ टक्क्यांनी कमी व्हावी. ४० मिलीमीटरच्या टायरला हे ६ मिलीमीटर झाले; खडीची टोकं गिळायला तेवढे पुष्कळ. २३ मिलीमीटरच्या टायरला साडेतीनच मिळतात. त्यापेक्षा खोल चेपू दिला तर खड्ड्यात रिम आपटायची भीती. रुंदीचा खरा लाभ हा आहे. रुंदी स्वतः वेग देत नाही. हवा कमी ठेवण्याची परवानगी देते. ६० किलोच्या माणसाला दीड इंची टायरात मागे ४५ आणि पुढं ३० पौंडांच्या आसपास पुरतात. पुढच्या चाकावर वजन कमी असताना मामा दोन्ही चाकं सारखीच टम्म करतात, आणि मग तळहात बधिर झाल्याची तक्रार घेऊन माणूस हँडलच्या मुठी बदलायला येतो.

पूर्वपक्षाचे जे मुद्दे उरतात ते मी सरळ मान्य करतो. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून जाणाऱ्यानं मागं ४५ वर भागवू नये. ओझं दीडपट तर हवाही जवळपास दीडपट. हवा इतकी कमी झाली की खड्ड्यात रिम खट्कन वाजतो, तर ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या, आणि तो दोष माझ्या मताला चिकटेल. टायर भिंतीतून तडकलेला असेल तर कमी हवेनं तो लवकर जाईल. आणि मृगाच्या पावसानंतरची काळी माती! तिथं रुंद टायर खरोखर हरतो. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल इतका गच्च बसतो की सायकल काडीनं उकरावी नाही तर खांद्यावर घ्यावी लागते. त्या आठवड्यात बारीक टायरवाला मला हसला तर हसू दे. बाकी सराटे आणि बाभळीचे काटे हवा विचारून टोचत नाहीत.

उन्हाळ्याचं भय मात्र मला अवाजवी वाटतं. "ऊन फार आहे, हवा कमी ठेवा, फुटेल," असं मे महिन्यात ऐकू येतं. सकाळी २५ अंशांत ४५ पौंड भरलेला टायर दुपारी उन्हात ६० अंशांपर्यंत तापला तरी दाब ७ पौंडांच्या आसपास वाढतो. त्यानं चांगला टायर फुटत नाही. फुटतो तो सकाळीच गळ्यापर्यंत भरलेला, नाही तर कापड कुजलेला किंवा ठिगळाचं सोल्युशन सुटलेला. पण बघा, 'कडक हवा म्हणजे वेग' आणि 'उन्हात हवा कमी' ही दोन्ही मतं एकाच दुकानात एकाच तोंडून निघतात आणि कुणाला विसंगती जाणवत नाही, कारण दोन्हींचं मोजमाप अंगठाच करतो.

सगळं सांगून झाल्यावरही माणूस म्हणतो, "पण कडक टायरवर सायकल पळतेय हे मला कळतं की!" हे 'कळणं' तपासायला हवं. जुनी एसटी साठच्या वेगानं जाताना खिडक्या, पत्रा, सीट सगळं खडखडतं आणि वाटतं की उडतेय. नवी मोटार शंभरावर असते आणि आपल्याला डुलकी लागते. खडखडाट हा वेगाचा पुरावा नव्हे, बहुधा गळतीचा पुरावा. कडक टायरची बारीक सणसण बोटांना वेगासारखी लागते, आणि मऊ टायर शांत असतो म्हणून सुस्त वाटतो. इथं प्रत्यक्ष प्रमाणच दगा देतं. त्यावर उपाय डनलॉपचा आहे. एखादा बऱ्यापैकी खडबडीत उतार निवडा, ज्याच्या पुढं सपाट रस्ता आहे. एका ठरावीक दगडापासून पायडल न मारता सायकल सोडा आणि ती जिथं थांबेल तिथं खूण करा. मग हवा बदला, दहा-दहा पौंडांनी. माणूस तोच, कपडे तेच, बसण्याची ढब तीच, आणि वारा पडलेला असावा. म्हणून पहाटे जावं. प्रत्येक हवेला तीन-चार फेऱ्या कराव्यात, कारण एका फेरीत एखादा खडाही निकाल फिरवतो.

अडचण एकच. आपल्या सायकलींना जो वॉल्व्ह असतो त्यात रबराची बारीक वालट्यूब असते. ती हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे साधा गेज लावला तर आतला दाब दिसतच नाही. अंगठ्याचं राज्य आपल्याकडे टिकलं ते या वालट्यूबमुळे. मामांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात दुसरं साधन नव्हतं. दुकानातला कॉम्प्रेसर तर दोन सेकंदांत हद्द ओलांडतो. मी म्हणून घरी उभा हातपंप ठेवला आहे आणि दट्टे मोजतो. ट्यूब पूर्ण रिकामी करून सुरुवात केली तर माझ्या पंपाचे मागच्या चाकाला २४ दट्टे लागतात, पुढच्याला १९. पंपाचा घेर आणि लांबी वेगळी असेल तर आकडा वेगळा येईल; तो एकदा उतारावर ठरवून मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवावा.